मदत हवी आहे: मोबाईल दुकानांच्या साखळीची देशभरातली कामगिरी नकाशावर कशी मांडावी?

आकडेमोड्या

नमस्कार मंडळी. मोबाईल विकणाऱ्या एका साखळीच्या देशभरातल्या दुकानांचा आढावा करायचा आहे. दोन एक्सेल फायली आहेत. पहिलीत दुकानाचा कोड, पत्ता, पिनकोड, उघडल्याची तारीख, कार्पेट एरिया. दुसरीत जीएसटी नोंदणीनुसार दर महिन्याची उलाढाल, २०२२-२३ ते २०२४-२५ अशी तीन आर्थिक वर्षं.

राज्यवार बेरीज करून क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) रंग भरले, तर महाराष्ट्र गडद आणि गोवा, कर्नाटक फिके. एरिया मॅनेजर म्हणतात, हे चित्र साफ चूक आहे. अडचणी अशा:

१. राज्याची बेरीज कशाने भागायची? लोकसंख्येने, की ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) मोबाईल ग्राहकसंख्येने?
२. महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये घसरण आणि २०२४-२५ मध्ये मोठी उसळी दिसते. इतर राज्यांत तेवढी नाही. का?
३. काही दुकानं नकाशावर भलतीकडेच पडतात.

जमाखर्च

रंग नंतर भरा. आधी सांगा, गोदाम कुठे आहे? भिवंडीत असेल तर तुमचं निम्मं कोडं तिथेच सुटतं.

एकाच पॅनवर दोन राज्यांत नोंदणी असली तर जीएसटी कायद्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती. त्यामुळे भिवंडीहून पणजीच्या दुकानाला पाठवलेला माल ही नुसती बदली राहत नाही. त्यावर करपावती फाटते, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लागतो आणि ती रक्कम महाराष्ट्राच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) चढते. तोच फोन पणजीत गिऱ्हाइकाने घेतला की गोव्याच्या खात्यात पुन्हा चढतो. उलट भिवंडीहून नाशिकला गेलेला माल एकाच नोंदणीत असेल तर डिलिव्हरी चलनावर जातो, तो उलाढालीत येत नाही. म्हणजे तुमचा गडद महाराष्ट्र हा काही अंशी गोदामाचा रंग आहे.

काढायचं कसं: जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) पंधरा अक्षरांचा. पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९), तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. पावतीवरच्या खरेदीदाराच्या जीएसटीआयएनमधून ती दहा अक्षरं काढा. एक्सेलमध्ये मिड सूत्र, ३ आणि १०. ती आपल्याच पॅनशी जुळली की ओळ बाद. यासाठी महिन्याची बेरीज पुरणार नाही, पावतीवार रजिस्टर मागवा. रजिस्टर आलंच तर दुकानांतून फुटकळ व्यापाऱ्यांना गेलेली घाऊक बिलंही वेगळी काढा. महिनाअखेरीला टार्गेट गाठायला वीस-वीस नग एका बिलावर जातात, आणि ते दुकान विनाकारण हिरो ठरतं.

राज्य कोडाचा स्तंभ टेक्स्ट म्हणूनच आयात करा, नाहीतर दिल्लीचा ०७ नुसता ७ होतो आणि जोडणी तुटते. पिनकोडला हा त्रास नाही, आपल्याकडे तो शून्याने सुरूच होत नाही.

काउंटरसेल

जमाखर्च यांना +१. त्यात थोडी भर.

रिचार्ज: काही दुकानांच्या बिलिंगमध्ये रिचार्जची पूर्ण रक्कम विक्रीत धरतात, काहींत फक्त कमिशन. दोन्ही एका स्तंभात आली तर लहान गावातली दुकानं फुगतात, कारण तिथे काउंटरवरून रिचार्ज जास्त होतो. सगळीकडे फक्त कमिशन धरा.

एक्सचेंज: जुना फोन देऊन घेतलेल्या फोनची विक्री किती धरायची? काही ठिकाणी गिऱ्हाइकाने हातात ठेवलेली रोकडच विक्री म्हणून नोंदतात. जीएसटी नियम २७ मध्ये नेमकं मोबाईलचंच उदाहरण आहे: जुना फोन घेऊन नवा २० हजारांना दिला आणि एक्सचेंजशिवाय त्याची किंमत २४ हजार असेल, तर मूल्य २४ हजार धरायचं. एक्सचेंज जोरात असलेली शहरं नाहीतर उगाच मागे पडतात.

नग मोजताना आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) ओळी मोजू नका. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, नग दुप्पट दिसतात. आयएमईआयचा स्तंभही टेक्स्टच ठेवा. एक्सेल तो ई+१४ करून दाखवतं, आणि तशीच सीएसव्ही जतन केली की शेवटचे आकडे कायमचे गेले.

आणि विक्री करपूर्व घ्या. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के आहे, त्याआधी १२ होता. तुमची तिन्ही वर्षं १८ चीच, म्हणून १.१८ ने भागलं की झालं: २३,६०० च्या बिलाचे २०,०००. जुनी वर्षं कधी जोडलीत तर मात्र जपा.

नकाशावाला

प्रश्न १. ट्रायने भागू नका, निदान राज्याच्या नकाशावर तरी नको. ट्रायची आकडेवारी राज्यवार नसते, परवाना क्षेत्रवार असते. अशी २२ क्षेत्रं आहेत. त्यांचा ‘महाराष्ट्र’ म्हणजे गोव्यासकट, पण मुंबई वगळून. ‘मुंबई’त नवी मुंबई, कल्याणही येतात. ‘बिहार’मध्ये झारखंड, ‘मध्य प्रदेश’मध्ये छत्तीसगड, ‘आंध्र’मध्ये तेलंगणा. ‘दिल्ली’त नोएडा, गाझियाबाद, गुडगाव, फरिदाबाद. गोव्याची विक्री तुम्ही कशाने भागणार? तो आकडा तिथे सुटा नाहीच. शिवाय ट्राय सिम मोजते, माणसं नाही. दिल्लीत दर शंभर माणसांमागे शंभराहून कितीतरी जास्त जोडण्या दिसतात त्या त्यामुळेच.

ट्राय हवीच असेल तर तुमची दुकानं त्या २२ क्षेत्रांत बसवा आणि नकाशाही तोच काढा. ठाणे जिल्हा वाटताना डोकं खाजवावं लागेल, तेवढी तयारी ठेवा.

लोकसंख्येने भागायचं तर २०११ ची जनगणना, ६४० जिल्हे. त्यानंतर जिल्हे बदलले: ठाण्यातून १ ऑगस्ट २०१४ ला पालघर निघाला, आंध्रात २०२२ मध्ये १३ चे २६ झाले, राजस्थानात आधी वाढले मग काही रद्द झाले. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर यांची नावं बदलली. नावावरून जोडणी केलीत की हे सगळे रिकामे राहणार. पंचायती राज मंत्रालयाच्या एलजीडी (स्थानिक शासन) निर्देशिकेतले जिल्हा कोड वापरा, आणि जुन्या-नव्या जिल्ह्यांचा एक तक्ता हाताने करा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

प्रश्न ३. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढताना राज्य लिहिलं नसेल तर हे होणारच. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. बिलासपूर छत्तीसगडात आणि हिमाचलात, हमीरपूर उत्तर प्रदेशात आणि हिमाचलात, प्रतापगड उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात. दोन चाळण्या लावा. अक्षांश साधारण ८ ते ३७ आणि रेखांश ६८ ते ९७ यांच्या बाहेर असेल तर बहुधा दोन्हींची अदलाबदल झाली आहे. मग बिंदू ज्या राज्यात पडला ते राज्य आणि जीएसटी कोडाचं राज्य जुळतं का बघा. पिनकोडवरून जिल्हा ठरवू नका, तो टपाल वाटपासाठी आहे, जिल्ह्याची हद्द पाळत नाही.

दोन दुकानांतलं अंतर मोजणार असाल तर अंशांत बफर (दुकानाभोवतीचं वर्तुळ) काढू नका. रेखांशाचा एक अंश कन्याकुमारीला सुमारे ११० किमी, श्रीनगरला ९२ च्या आसपास. पुण्यासाठी यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) ४३ उत्तर हा पट्टा चालेल, नागपूर ४४ मध्ये जातं. देशभरासाठी हॅवरसाइन (गोलावरचं अंतर काढणारं) सूत्र बरं. आणि देशाची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचीच घ्या, परदेशी बेसमॅपवर काश्मीर तुटका येतो.

काउंटरसेल

प्रश्न २ कुणी घेतला नाही? तो गुढीपाडवा आहे हो! २०२३ चा पाडवा २२ मार्चला, २०२४ चा ९ एप्रिलला, २०२५ चा ३० मार्चला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये दोनदा आला. महाराष्ट्राची घसरण आणि उसळी दोन्ही त्यातून बऱ्यापैकी निघतात. तुलना पाडवा ते पाडवा करा.

दिवाळीचंही तेच. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. धनत्रयोदशीची खरेदी एकदा नोव्हेंबरात, एकदा ऑक्टोबरात. दोन्ही महिने एकत्र घ्या. केरळला ओणम: २०२३ ला ऑगस्टअखेर, २०२४ ला सप्टेंबरच्या मध्यात. महिनाच बदलतो.

आकडेमोड्या

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅनची चाळणी एका महिन्यावर लावून पाहिली, महाराष्ट्र दोन छटा खाली उतरला. आता एकच प्रश्न: राज्याचा रंग दुकानामागे सरासरी विक्रीने भरू का?

जमाखर्च

सरासरी नको, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घ्या, आणि तोही प्रति चौरस फूट. तेरा महिने पूर्ण न झालेली दुकानं वेगळी ठेवा. एखाद्या राज्यात तेरा महिने झालेली दोनच उरली तर रंग न भरता नुसते ठिपके दाखवा. जमलं तर विक्रीऐवजी ढोबळ नफा घ्या. महागड्या फोनवर टक्का बहुधा कमी सुटतो, कव्हर-काच-चार्जरवर भरपूर. फक्त कंपन्यांच्या स्कीमच्या आणि प्राइस ड्रॉपच्या क्रेडिट नोटा (कंपनीने दुकानाला दिलेल्या परताव्याच्या नोंदी) दोन-तीन महिन्यांनी येतात, त्या आल्या त्या महिन्यात न धरता मूळ विक्रीच्या महिन्यात टाका. मुख्यालयाने त्या सगळ्या एकाच नोंदणीवर घेतल्या असतील तर दुकानवार नगांच्या प्रमाणात वाटाव्या लागतील, नाहीतर भिवंडी पुन्हा गडद.