पी-२१ हे प्रथिन पेशीला रोखते की वाचवते?

मृण्मयी_बडोदे यांचा प्रश्न

नमस्कार. मी बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींना डॉक्सोरुबिसिन हे डीएनए तोडणारे औषध दिले की पी-५३ हे इजेला प्रतिसाद देणारे प्रथिन वाढते, त्यामागोमाग पी-२१ वाढते आणि विभाजन थांबते. इथवर सारे पाठ्यपुस्तकाप्रमाणे घडते. परंतु एसआयआरएनए (ठरावीक जनुक दडपणारे लहान आरएनए) वापरून पी-२१ कमी केले, तर औषधाची मात्रा तीच असूनही पेशी अधिक संख्येने मरतात. जे प्रथिन पेशीचक्राचे निरोधक म्हणून ओळखले जाते, ते काढल्यावर पेशी बेलगाम वाढाव्यात अशी माझी अपेक्षा होती. मग या प्रथिनाला अर्बुदरोधक म्हणावे की कर्करोगाच्या पेशीचा पाठीराखा? शिवाय मृत्यू तपासण्यासाठी मी डीएनएचे तुकडे जेलवर पाहिले, तेव्हा मरणाऱ्या पेशीची खूण मानले जाणारे शिडीसारखे पट्टे कुठेच दिसले नाहीत, हेही कोडेच आहे.

दांडियाबाजारकर

प्रथम या प्रथिनाचे मूळ काम पाहू. १९९३ मध्ये काही गट वेगवेगळ्या वाटांनी याच प्रथिनापर्यंत पोचले. कोणी सायक्लिन-आश्रित काइनेजांना (फॉस्फेट जोडून पेशीचक्र पुढे ढकलणाऱ्या विकरांना) चिकटणारे प्रथिन शोधत होते, तर कोणी पी-५३ चालू करते ती जनुके. अवघ्या १६४ अमिनो आम्लांच्या या साखळीचे पुढचे टोक सायक्लिन-काइनेजांच्या जोड्यांना धरते आणि मागचे टोक पीसीएनए या प्रथिनाला, जे डीएनएची प्रत काढणाऱ्या यंत्रणेला धाग्यावर टिकवून ठेवते. काइनेजांचे काम थांबले की आरबी या चक्राला लगाम घालणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढत नाही, ते जनुके चालू करणाऱ्या ई-२-एफ घटकांना धरून ठेवते, आणि डीएनए-संश्लेषणाला लागणारी जनुके बंद राहतात.

आता तुमचे कोडे. विश्वामित्रीची पातळी वाढली की काला घोडा पूल रहदारीला बंद करतात. त्याने लोकांची कामे अडतात, पण कोणी वाहूनही जात नाही. डॉक्सोरुबिसिनने डीएनए तुटलेला असताना जी पेशी थांबते, तिला दुरुस्तीला अवसर मिळतो. जिला थांबवणारे कोणी नसते, ती तुटक्या गुणसूत्रांसह प्रत काढायला किंवा विभाजनात शिरते आणि तिथे कोसळते. बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-११६ पेशींमधून पी-२१ चे जनुक काढून टाकले, तेव्हा डीएनएला इजा झालेल्या त्या पेशी विभाजन न होताच पुन्हा पुन्हा प्रती काढत राहिल्या आणि अखेर मेल्या. म्हणून तुमचा निकाल विसंगत नाही. बॅक्स आणि प्यूमा ही मृत्यूकडे नेणारी जनुकेही पी-५३ चालू करतेच. पी-२१ असताना त्यांच्यापुढे एक अडसर असतो, इतकेच.

प्रयोगशाळेतली_शुभांगी

वरील विवेचन केंद्रकापुरते योग्य आहे, परंतु माझ्या मते प्रश्नाचा अधिक रंजक भाग केंद्रकाबाहेर आहे. एकेटी हे पेशीला जगण्याचा संकेत देणारे काइनेज पी-२१ च्या १४५ व्या स्थानावरील थ्रिओनिनवर फॉस्फेट जोडते, आणि मग हे प्रथिन पेशीद्रव्यात राहू लागते. तिथे ते एएसके-१ या ताणसंकेत देणाऱ्या काइनेजला आणि अजून कार्यक्षम न झालेल्या कॅस्पेज-३ ला (पेशी मरताना प्रथिने कापणाऱ्या विकराला) अडवते, म्हणजे थेट मृत्यूच्या वाटेवरच उभे राहते. एचईआर-२ (वाढीचा संकेत घेणारे प्रथिन) जास्त असलेल्या स्तनकर्करोगात एकेटी सतत चालू असल्याने हे स्थलांतर घडते, हे २००१ मध्ये दाखवले गेले आहे. उलट दिशेने, कॅस्पेज-३ जागे झाले की ते पी-२१ ला ११२ व्या स्थानी कापते. केंद्रकात जाण्याचा संकेत मागच्या तुकड्यात असल्याने उरलेले प्रथिन केंद्रकात टिकत नाही आणि चक्रावरची पकड सुटते. त्यामुळे ‘अर्बुदरोधक की पाठीराखा’ हा प्रश्न प्रथिन कुठे आहे हे न पाहता विचारण्यात फारसा अर्थ नाही. संपूर्ण पेशीच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनाचे प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीत) दिसणारा पट्टा नेमकी हीच माहिती लपवतो.

मृण्मयी_बडोदे

दोघांचेही आभार. शुभांगीताई, म्हणजे केंद्रक आणि पेशीद्रव्य वेगळे करूनच ब्लॉट करावा लागेल. पी-२७ हे पी-२१ च्याच कुटुंबातले निरोधक प्रथिन असूनही त्याचा उल्लेख इतका वेगळा का होतो?

दांडियाबाजारकर

कारण पी-२७ इजेपेक्षा वाढीच्या संकेतांना अधिक जुमानते. वाढीचे घटक मिळाले की एसकेपी-२ च्या साहाय्याने त्यावर युबिक्विटिनची खूण चढते आणि प्रोटिअसोम ही प्रथिने मोडणारी यंत्रणा त्याची विल्हेवाट लावते. पी-२१ नसलेले उंदीर सामान्यपणे वाढतात, तर पी-२७ नसलेले उंदीर, १९९६ च्या अहवालांनुसार, ठळकपणे मोठे होतात आणि त्यांना पिट्युटरीच्या गाठी होतात.

सूक्ष्मदर्शक_अलकापुरी

शिडीचे पट्टे न दिसण्याचे कारण कोणी सांगितलेले नाही. डीएनएचे ते तुकडे पाडायला कॅस्पेज-३ लागते, आणि एमसीएफ-७ पेशींमध्ये त्याचे जनुकच खंडित आहे. १९९८ पासून ही गोष्ट ज्ञात आहे, तरीही दरवर्षी कोणीतरी याच पेशी घेऊन शिडी शोधत बसते. या पेशी कॅस्पेज-७ च्या मदतीने मरतात, म्हणून अ‍ॅनेक्सिन-५ चे रंजन (जे मरणाऱ्या पेशीच्या आवरणाला चिकटते) आणि पीएआरपी या कॅस्पेज कापतात त्या प्रथिनाचे कापलेले रूप पाहावे. एएसके-१ ची बाब इथे तपासता येईल, कॅस्पेज-३ ला अडवण्याची नाही. त्यासाठी एचसीटी-११६ घ्याव्यात. हेला (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या) पेशी मात्र घेऊ नयेत, कारण पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन त्यांतील पी-५३ नष्ट करते.

आणखी एक. पी-२१ शाबूत असलेल्या ज्या पेशी मेल्या नाहीत, त्या जगल्या असे गृहीत धरू नका. औषध काढल्यानंतर आठवडाभर त्या प्लेटवर ठेवून पीएच ६ वर बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे रंजन करा. मोठ्या, पसरट, निळ्या पेशी आढळल्या, तर त्या वार्धक्यावस्थेत (जिवंत, पण विभाजन कायमचे थांबलेल्या स्थितीत) गेल्या आहेत, आणि तुमच्या तक्त्यात ‘जिवंत’ व ‘मृत’ यांच्यासोबत तिसरा रकाना लागेल.