मदत हवी आहे: आईचा जठराचा माल्ट लिम्फोमा, थांबावं की रेडिएशन घ्यावं?

आईला (वय ६२) जठराचा माल्ट लिम्फोमा (जठराच्या अस्तरातला, सहसा हळू वाढणारा कर्करोग) निघालाय. त्रास म्हणाल तर जळजळ आणि दोन घासांत पोट भरणं, एवढाच. वजन घटलेलं नाही, ताप नाही. पेट स्कॅननुसार आजार जठरापुरताच आहे. एच. पायलोरी (या आजाराला कारण ठरणारा जठरातला जंतू) पॉझिटिव्ह होतं, म्हणून १४ दिवस अँटिबायोटिक्स झाली. नंतरची ब्रेथ टेस्ट निगेटिव्ह (त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोल हे ॲसिडिटीचं औषध बंद होतं, कुणीतरी विचारणारच!). पण तीन महिन्यांनंतरच्या एंडोस्कोपीत व्रण भरलेला दिसला, तरी बायोप्सीत लिम्फोमाच्या पेशी आहेतच.

एक डॉक्टर म्हणतात, जंतू गेल्यावरही आजार विरायला वर्ष लागू शकतं, थांबा. दुसरे लगेच रेडिएशन सुचवतात. ११ आणि १८ क्रोमोसोममध्ये अदलाबदल असेल तर नुसत्या अँटिबायोटिक्सनी सहसा भागत नाही, असं वाचलंय. ही अदलाबदल शोधणारी फिश तपासणी झालेलीच नाही.

आम्ही नांदेडला असतो. मुंबईची एखादी फेरी जमेल, दरमहा नाही. घरगुती उपाय कृपया नकोत.

जुन्या बायोप्सीच्या ब्लॉकवर (लॅबने जपून ठेवलेल्या तुकड्यावर) फिश होते का, की पुन्हा एंडोस्कोपी करावी लागेल? आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबलं तर चालेल का?