मदत हवी आहे: ‘ड्रक्स’च्या ३० ट्रॅकमधून चाळीस मिनिटं कशी निवडू?

नमस्कार मंडळी,

मी वेंगुर्ल्याजवळ राहतो, भजनात पखवाज वाजवतो. हे आधीच सांगतो कारण खालचं सगळं त्याच कानांनी ऐकलेलं आहे. इलेक्ट्रॉनिक म्युझिक आजवर माझ्या कानावर आलं ते वरातीतल्या नाहीतर विसर्जनाच्या साउंडवरून, त्यापलीकडे कधी गेलो नाही.

आमचा दादा बोटीवर होता. त्याने २००२ च्या आसपास कुठल्याशा बंदरात घेतलेली दोन सीडींची जोडी यंदा माळा साफ करताना ट्रंकेत सापडली. एफेक्स ट्विन नावाचा माणूस, अल्बमचं नाव ‘ड्रक्स’, निघाला २००१ च्या ऑक्टोबरात, एका सीडीवर १५ असे एकूण ३० ट्रॅक, सगळं मिळून शंभरेक मिनिटं. दादाला फोन केला तर म्हणाला, रात्रीच्या वॉचनंतर केबिनमध्ये हेच ऐकायचो, तू पण ऐक, पण घाई करू नको. जून-जुलै दोन महिने मी दुसरं काहीच ऐकलेलं नाही.

अडचण अशी की आमच्या गावातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा रविवारी संध्याकाळी ऐकण्याची बैठक असते, कोणीतरी एक जण आपल्या आवडीचं संगीत लावतो आणि त्यावर बोलतो. येणारी माणसं नाट्यसंगीत, अभंग, जुनी भावगीतं यातली, बहुतेक साठीच्या पुढची आणि कान अतिशय तयार असलेली. या महिन्यात माझी पाळी आहे, वेळ चाळीस मिनिटं, आणि मी हाच अल्बम लावणार असं सांगून बसलोय.

आता यात काय काय आहे ते सांगतो. पहिलाच ट्रॅक ‘ज्यिनवेथेक’, पियानोच आहे पण सूर टणक आणि थोडे बुजलेले, जणू तारांमध्ये कोणीतरी काहीतरी खोवून ठेवलंय. मला लगेच पखवाजाच्या धुमेला आपण कणीक थापतो ते आठवलं, वाद्य तेच पण कणकेने आवाजाची जातच बदलते. तो संपतो न संपतो तोच ‘वॉरदॉसबन’ सुरू होतो आणि तालाचे असे काही तुकडे पडतात की पहिल्यांदा मी प्लेअर बंदच केला. मग दुसऱ्या दिवशी परत लावून बोटांवर मात्रा मोजत बसलो, आणि लय तसूभर हलत नाही हो! चार-चारचा हिशोब शेवटपर्यंत पक्का आहे, त्याच्या वर ठोके तुटतात, गडगडतात, उलटे फिरतात आणि बरोब्बर समेवर येऊन बसतात. गजर चढल्यावर आपण जे करतो ते इथे एका माणसाने एकेक ठोका कॉम्प्युटरवर मांडून केलंय.

आणि मग मध्येच ‘एव्हरिल १४’, दोन मिनिटांचा नुसता पियानो, इतका साधा की आमच्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं, हे कोण वाजवतंय. त्याच्या पाठोपाठ लगेच आठ मिनिटांचा वादळी ट्रॅक. काही ट्रॅक तर नुसता काळोख. दुसऱ्या सीडीवर तिसऱ्या नंबरला अर्ध्या मिनिटाचं फोनवरचं रेकॉर्डिंग आहे, त्याचे आईवडील त्याच्यासाठी वाढदिवसाचं गाणं म्हणतायत, आणि लगेच चौथा ट्रॅक ‘क्यूकेटीएचआर’, जो मला तरी शंभर टक्के पेटी वाटतो, भाता ओढल्यासारखा श्वास आहे त्यात.

प्रश्न तीन आहेत.

नुसते शांत पियानोचे तुकडे लावले तर बैठक सुखाने पार पडेल, पण तो मग हा अल्बम राहत नाही असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी ऐकलाय त्यांना काय वाटतं? हे सगळं एकाच पिशवीत का भरलंय, आणि ते तसंच ऐकावं का?

चाळीस मिनिटांत काय घ्यायचं आणि काय सोडायचं?

आणि दुसऱ्या सीडीवर पांढरी बुरशीची नक्षी उठलीये, चौथ्या ट्रॅकला अडकते. मोबाइलवरून लावता येईल हे माहीत आहे, पण दादाचीच सीडी लावायची आहे. कशी पुसू?

प्रतिसाद, रत्नागिरी

सीडीचं आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली की परत दुरुस्ती नाही. साध्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ सुती कापड, आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल अजिबात नाही. सीडीवरची माहिती गोल वळत गेलेल्या एकाच लांब रेषेत असते, त्या रेषेवरून ओरखडा गेला की सलग मोठा तुकडा जातो आणि प्लेअरला तो भरून काढता येत नाही, आडवा ओरखडा गेला तर थोडं थोडं जातं आणि ते तो सावरून घेतो. छापील बाजू त्याहून नाजूक, चमकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, तिथे नख लावू नका. बुरशी आतल्या थरात शिरली असेल तर मात्र ती सीडी गेली म्हणायची, उजेडात धरून बघा, आरपार ठिपके दिसले तर आशा सोडा.

आता साउंड. मी मंडप आणि साउंडचं काम करतो. वाचनालयाला पत्रा आहे की कौलं? पत्रा असेल तर श्रावणातली एक सर आली की हळू आवाजाचं सगळं पुसून जाईल, ते काळोखवाले ट्रॅक तर ऐकूच येणार नाहीत. मोठा बेस आणू नका, छोट्या खोलीत भिंती घुमतात आणि त्या बारीक ठोक्यांची खिचडी होते. दोन साधे स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून हातभर पुढे. अल्बमबद्दल मत म्हणाल तर एकदा ऐकलाय, फार लांब आहे, निम्मे ट्रॅक कापले असते तर चाललं असतं.

प्रतिसाद, अलिबाग

लांब आहे हे तेव्हाही अनेक जण म्हणाले होते, अल्बम निघाला तेव्हा परीक्षणं संमिश्रच आली. पण तो असा का आहे त्याचं एक कारण त्याने स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं, की अप्रकाशित ट्रॅकनी भरलेला प्लेअर तो विमानात विसरला, आता कोणीतरी ते सगळं इंटरनेटवर टाकणार, त्यापेक्षा आपणच काढू. म्हणून मी हा अल्बम कोणाच्या तरी घराच्या खोल्यांतून फिरल्यासारखा ऐकतो, एका खोलीत पियानो, शेजारच्या खोलीत कारखाना, आणि मध्ये फोनवर आईवडील.

तुम्ही ज्याला आठ मिनिटांचा वादळी ट्रॅक म्हणताय त्याचं नाव बघा, ‘माँ सँ मिशेल प्लस सेंट मायकल्स माउंट’. पहिलं फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं बेट, दुसरं इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधलं, आणि सेंट मायकल्सला ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडीच लागते. आमचा कुलाबा किल्ला तंतोतंत तसाच. मी तो ट्रॅक एकदा किल्ल्यावरून परत येताना ऐकला, पाणी पोटरीपर्यंत चढायला लागलेलं, आणि त्यातले ठोके कसे सगळीकडून एकदम येतात ते तेव्हा कळलं. तो सोडू नका.

हा माणूस कॉर्नवॉलमध्येच वाढला आणि बरीच नावं कॉर्निश भाषेतली आहेत. ती भाषा १८ व्या शतकाच्या अखेरीस बोलण्यातून जवळजवळ गेली होती, २० व्या शतकात लोकांनी ती पुन्हा शिकून उभी केली. ‘ज्यिनवेथेक’ म्हणजे यांत्रिक, ‘ग्वेली मर्नान्स’ म्हणजे मृत्युशय्या. आपल्या घरची भाषा जगभर विकल्या जाणाऱ्या अल्बमवर कोणी लावली तर आपल्याला काय वाटेल, हा विषय तुमच्या बैठकीत निघालाच पाहिजे.

प्रतिसाद, मालवण

अरे बाबा, म्हाताऱ्या माणसांका फास्ट चलणा नाय असा तुका कोणी सांगल्यान? डबलबारीचो, दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचो, गजर रात्री दोन वाजता कोण आयकत बसता? तीच माणसां ना? तू ‘वॉरदॉसबन’ लाव आणि लावच्या आधी पखवाज मांडीर घेवन त्यांका लय दाखव. हातान दाखवलंस काय मगे त्यांका सगळा कळतला.

माझा चेडू ‘क्यूकेटीएचआर’ आयकान म्हणाला, पप्पा ह्या रीलवर येता. म्हणजे नातवंडांका पण घेवन येवक सांग.

प्रतिसाद, दापोली

रागदारीच्या कानांसाठी एक सुचवू का? सुरुवातीला पाच मिनिटं चरणजीत सिंग यांचं लावा. १९८२ साली त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवून रेकॉर्ड काढली, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मालकंस वगैरे. वापरली ती रोलंड कंपनीची ८०८ (ठेका धरणारं) आणि ३०३ (बेसचे सूर काढणारं) ही यंत्रं, आणि त्याच ३०३ मधून पुढे १९८७ मध्ये शिकागोहून जो आवाज आला त्याला, म्हणजे नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रकाराला, लोकांनी ॲसिड हाउस नाव दिलं. तेव्हा आपल्याकडे ती रेकॉर्ड कोणी फारशी घेतली नाही, २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभर गाजली. भूपाळी ओळखीची आहे, यंत्राची भीती मोडेल.

आणि ‘एव्हरिल १४’ बद्दल एक. तो पियानो माणसाने बसून वाजवलेला नाही, कॉम्प्युटरला जोडलेला खरा पियानो आहे, यामाहाचा डिस्कलाव्हिअर. पट्ट्या खरंच खाली-वर होतात, फक्त बोटं नसतात. हेडफोन लावून ऐका, पट्टी उठतानाची खडखड येते. पहिल्या ट्रॅकमध्ये तारांत काही खोवल्यासारखं वाटतं म्हणालात, त्याला प्रिपेर्ड पियानो म्हणतात, जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने १९४० च्या दशकात तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून त्याच्यासाठी रचना केल्या. तुमची कणकेची उपमा मला फार आवडली.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. सीडी रत्नागिरीकरांनी सांगितलं तशी पुसली, चार वेळा, दर वेळी कापड बदलून. उजेडात धरली, आरपार काही नाही. चौथा ट्रॅक आता नीट लागतो.

चरणजीत सिंग ऐकले, भूपाळी तर तीनदा. पण ते या बैठकीत नाही लावणार, त्यांना एक पूर्ण रविवार द्यायला हवा, दुसऱ्याच्या दाराशी पायपुसणं म्हणून नको.

निम्मे ट्रॅक कापले असते तर, यावर मी दोन दिवस विचार केला आणि मला नाही पटलं. एव्हरिल एकटा ऐकला तर गोड आहे, पण माउंटच्या आधी ऐकला की वाट बघायला लागतो माणूस, आणि माउंट संपला की तेच दोन मिनिटांचे सूर डोक्यात परत येतात. हे कापल्यावर कसं मिळणार? म्हणून ती जोडी जशी सीडीवर आहे तशीच, मध्ये मी एक शब्द बोलणार नाही.

क्रम असा धरलाय: ज्यिनवेथेक आणि वॉरदॉसबन, आधी पखवाजावर लय दाखवून. मग एव्हरिल आणि माउंट सलग. मग सीडी बदलून आईवडिलांचा फोन आणि ती पेटी. शेवटी ‘नानू २’, कारण अल्बमही तिथेच संपतो. ग्वेली मर्नान्स पत्र्याखाली नाही लावणार, तो घरी ऐकायचा आहे. ‘ग्वारेक २’ मधल्या किंकाळ्या मी अजून एकटाही पूर्ण ऐकू शकलेलो नाही, तो पण नाही.

धागाकर्ता, रविवारी रात्री

झाली बैठक. सतराजण आले, त्यात तीन नातवंडं.

वॉरदॉसबनला पहिलं मिनिटभर माणसं एकमेकांकडे बघत होती, मी मांडीवर हाताने मात्रा धरून ठेवल्या होत्या, मग मागच्या बाकावर झांजवाल्या बाबांनी पण धरल्या आणि शेवटी समेवर आम्ही दोघांनी एकदम हात टाकला. एक काका मात्र उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, नंतर म्हणाले की माझं डोकं दुखतं, राग मानू नकोस, आणि ते बरोबरच आहे, त्यांना तसं वाटलं.

माउंट चालू असताना सर आली. पत्रा वाजायला लागला, मी आवाज वाढवायला उठलो तर दोघातिघांनी हातानेच खूण केली की राहू दे.

आमच्याकडे एक गुरुजी आहेत, चाळीस वर्षं नाटकाला पेटी वाजवली त्यांनी. एव्हरिलच्या वेळी डोळे मिटून बसले होते. डिस्कलाव्हिअरचं मी मुद्दाम कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटी बोलायची वेळ आली तेव्हा म्हणाले, पट्टी उठल्याचा आवाज येतो पण वाजवणाऱ्याचा कुठेच येत नाही, बाहीचा नाही, बाकाचा नाही, श्वासाचा नाही, हा माणूस बसलाय कुठे? मग मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, परत लाव. परत लावला, आणि मग ती पेटीसुद्धा दोनदा लावली, दुसऱ्या वेळी ते हवेत भाता ओढत होते.

दादाला रात्री फोनवर हे सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात दीड तास मागून घेतलाय. पाऊस कमी झाला असेल तर ग्वेली मर्नान्स लावता येईल असं वाटतंय, त्यासाठी स्पीकर आणखी जवळ घ्यावेत की लांब, रत्नागिरीकर, तेवढं सांगा.