पाझर तलावावर बोटिंग सुरू करायचंय, सांडव्यावर दोन फूट भिंत घातली तर चालेल का?

सिन्नरचा_मी

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला एक पाझर तलाव आहे, ७२ च्या दुष्काळात लोकांनी डोक्यावर पाट्या वाहून बांधलेला, माझी आजी पण त्या कामावर होती. भराव अंदाजे नऊ मीटर उंच, लांबी दोनशे मीटर असेल. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांडव्याची (तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून वाहून जातं ती जागा) रील टाकली आणि तेव्हापासून पावसाळ्यात शनिवार-रविवारी नाशिकची गर्दी असते, भरावावर गाड्या, सांडव्यात पोरं उभी राहून फोटो काढतात, तलावात पोहतात. आता ग्रामपंचायतीत विषय निघालाय की चार पेडल बोटी घ्यायच्या, चहा-भजीचे स्टॉल द्यायचे, बचत गटाच्या बायकांना काम मिळेल. आणि पाणी मार्चपर्यंत टिकावं म्हणून सांडव्यावर दोन फुटाची सिमेंटची भिंत घालायची.

मी बोटिंगच्या विरोधात नाहीये. पण मागच्या वर्षीपासून भरावाच्या खालच्या अंगाला एका जागी ओल दिसते, उन्हाळ्यात पण तिथलं गवत हिरवं असतं. म्हातारी माणसं म्हणतात पाझर तलाव आहे तर पाझरणारच. खाली अर्ध्या किलोमीटरवर आमची वस्ती आहे, अकरा घरं. कुणाला यातलं कळत असेल तर मनापासून सांगा.

निवृत्त_ओव्हरसियर

दादा, आधी मोठ्या अक्षरात सांगतो, सांडव्यावर भिंत घालू नका. दोन फूट नको, सहा इंच पण नको.

मी तीस वर्षं लघुपाटबंधाऱ्याच्या कामांवर काढली. मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तरी बऱ्याचदा तो टिकतो, मातीच्या भरावावरून गेलं की माथा कापत जातं आणि तास-दोन तासात खिंडार पडतं. तुमच्यासारख्या तलावात पूर्ण साठ्याची पातळी आणि भरावाचा माथा यात जेमतेम दीड-दोन मीटर अंतर ठेवलेलं असतं, त्यातलं मीटरभर पुराच्या वेळी सांडव्यावरून वाहणारं पाणीच खातं. त्यात तुम्ही दोन फूट अडवलं तर राहिलं काय? शिवाय पन्नास वर्षांत माथा बसलेला असतो, आणि नेमका मधेच जास्त बसतो, कारण जुना नाला तिथून जात होता आणि भराव तिथेच सगळ्यात उंच असतो. गुरं आणि मोटरसायकलींनी तो अजून झिजतो. एकदा लेव्हल लावून माथा मोजून घ्या.

अजून एक बघा, तुमच्याकडे मासेमारीचा ठेका दिलाय का? ठेकेदार मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बांधतात. पहिल्या मोठ्या पावसात काट्या, पालापाचोळा, प्लास्टिक येऊन ती जाळी गच्च होते आणि तीच भिंत बनते. मी स्वतः रात्री दोन वाजता कोयत्याने अशी जाळी तोडलेली आहे, पाणी माथ्याच्या हातभर खाली होतं.

आता ओलीबद्दल. म्हातारी माणसं अर्धी बरोबर आहेत. पाझर तलावाला विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं दार, नसतो, पाणी तळातून जमिनीत मुरून खालच्या विहिरींना जावं हाच हेतू असतो. पण ते तळातून, भरावाच्या पायाखालून. भरावाच्या उतारातून, जमिनीच्या वर कुठे पाणी फुटत असेल तर ते वेगळं. पाणी गढूळ असेल तर आतून माती वाहून येतेय, म्हणजे भरावात नळी तयार होतेय. पांढऱ्या बाटलीत पाणी भरा, रात्रभर ठेवा, सकाळी तळाला गाळ बसला का बघा. तलाव भरलेला असताना दर आठवड्याला त्याच जागेचं पाणी एका डब्यात धरून किती सेकंदात भरतो ते वहीत लिहा. तलावाची पातळी तेवढीच आणि डबा लवकर भरायला लागला तर तहसीलदार आणि जि. प. च्या लघुपाटबंधारे विभागाला लेखी कळवा, पोच घ्या.

आणि खालून चिखल किंवा सिमेंट भरून ती जागा बुजवू नका, हे बहुतेक गावं करतात. पाणी दुसरीकडून फुटतं. गढूळ पाणी आलंच तर त्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असे थर टाकायचे, म्हणजे पाणी येऊ दे पण माती अडू दे. आणि खालची घरं रिकामी करायची, इंजिनियर येईपर्यंत थांबायचं नाही.

कोकणी_माणूस

ओव्हरसियर काकांशी सहमत. मी चिपळूणचा. २ जुलै २०१९ ला रात्री तिवरे धरण फुटलं तेव्हा खालच्या भेंदवाडीतली वीसएक माणसं गेली, घरांची जोती तेवढी राहिली. ते पण मातीचंच, लहानच. गळतीबद्दल लोकांनी आधी तक्रारी केलेल्या होत्या. नंतर खेकड्यांनी बिळं केली म्हणून फुटलं अशी विधानं झाली, ती आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. खेकडे, घुशी बिळं करतात हे खरं, पण ती बिळं बघून बुजवणं हे माणसाचं काम आहे.

दादा तुमच्या अकरा घरांतल्या प्रत्येक घरात एक फोन असा ठेवा की रात्री तो सायलेंटवर जाणार नाही. आणि कुठे पळायचं ते आधी ठरवा, नाल्याच्या कडेने नाही, आडवं उंचावर.

गावचा_पोरगा

सगळं मान्य पण प्रत्येक गोष्टीला नको नको म्हटलं तर गावात राहायचं कुणी? आमच्या गावात पण तलावावर स्टॉल सुरू झाले, दोन सीझनमध्ये सात-आठ घरांना बरं उत्पन्न झालं. भिंत नको हे पटलं पण बोटी तरी चालू द्या.

पोहणारी_ताई

बोटींना कुणीच नाही म्हटलेलं नाही भाऊ, पण माझं ऐका, मी मुलांना पोहायला शिकवते आणि गेल्या काही वर्षांत तलावात बुडालेल्या दोन मुलांच्या घरी भेटायला गेलेय.

या तलावांचा तळ ताटासारखा सपाट नसतो. भरावाची माती बहुतेक वेळा आतूनच काढलेली असते, म्हणजे जुने खड्डे पाण्याखाली तसेच. त्यात गाळमुक्त धरण योजनेत किंवा शेतकऱ्यांनी स्वखर्चाने जेसीबी लावून गाळ काढलेला असेल तर त्या खड्ड्यांच्या कडा उभ्या असतात. मूल कमरेएवढ्या पाण्यात चालतंय, पुढचं पाऊल बारा फुटात. त्याला धरायला दुसरा जातो, दुसऱ्याला धरायला तिसरा, म्हणून एका घटनेत तीन-तीन भावंडं जातात. उन्हाळ्यात पाणी आटलं की या खड्ड्यांच्या कडेने बांबू रोवून वर लाल कापड बांधा, हे काम एका दिवसाचं आहे.

भरावाच्या आतल्या बाजूला दगडाचं पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, असतं, त्याच्यावर शेवाळ, तिथून घसरलेला माणूस परत चढू शकत नाही कारण हाताला धरायला काही नसतं. तिथे गाठी मारलेले दोर बांधून सोडा. झाडाला लांब दोर आणि बूच घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा कॅन टांगून ठेवा, बुडणाऱ्याकडे तो फेकायचा, स्वतः उडी मारायची नाही. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्यात किंवा उलटं धरून फिरवण्यात वेळ घालवू नका, श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, आणि १०८ ला फोन.

सांडव्यात उभं राहणं मात्र पूर्ण बंद करा. वर डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असताना लोंढा येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण गेले, तो व्हिडिओ मी आजही पूर्ण बघू शकत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर

ताईंनी जे लिहिलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आम्ही कायम भरावच बघत आलो. बोटीसाठी जागा नैसर्गिक काठावर घ्या, भराव आणि सांडवा दोन्हीपासून लांब. पेडल बोट चालेल, लाइफ जॅकेट सक्तीचं. डिझेलचं इंजिन नको, तेच पाणी मुरून तुमच्या विहिरीत येणार. सांडवा सुरू असेल तेव्हा बोटी बंद. भरावावर चारचाकी नको, दोन्ही टोकांना दगडी खांब पुरून टाका. स्टॉलवाल्यांना भरावाच्या पायथ्याशी चूल किंवा खड्डा खणू देऊ नका.

एक गैरसमज पण काढतो. लोकांना वाटतं २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आला म्हणजे सरकार सगळ्यांची तपासणी करणार. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, १० ते १५ मीटरमधल्या काहींना अटींवर. नऊ मीटरवाले त्यात येत नाहीत. तुमच्या तलावाला रोज बघणारे डोळे गावाचेच.

सिन्नरचा_मी

सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचे विशेष. काल मी आणि दोघं मित्र जाऊन आलो. सांडव्यावर खरंच जाळी होती, बांबूला बांधलेली, ठेकेदाराला बोलावून त्याच्यासमोर काढली, तो आधी चिडला पण वस्तीतल्या बायका येऊन उभ्या राहिल्यावर तयार झाला. ओल आहे ती उताराच्या पायथ्याला आहे, उतारावर नाही. बाटली भरून ठेवली होती, सकाळी पाणी नितळ, तळाला काही नाही. डबा लावलाय, वही चुलत बहिणीकडे दिलीये, ती रोज त्याच वाटेने शाळेत शिकवायला जाते.

भरावावर बाभळी आणि सुबाभळी वाढल्यात, काही मनगटाएवढ्या तर दोन मांडीएवढ्या जाड. त्या मुळासकट काढायच्या की नुसत्या तोडायच्या काका?

निवृत्त_ओव्हरसियर

मनगटाएवढ्या आत्ताच मुळासकट काढा आणि खड्डा थराथराने धुमसून भरा. मोठ्या दोन झाडांना तलाव भरलेला असताना हात लावू नका. नुसतं तोडलं तर मुळं कुजून आत पोकळी होते, पावसाळ्याच्या तोंडावर उपटलं तर भराव उघडा पडतो. एप्रिलमध्ये पाणी तळाला गेलं की मला मेसेज करा, तब्येत बरी असली तर मी स्वतः येतो.