न्यूझीलंडच्या डोंगरातल्या हटमध्ये कोणी राहिलंय का? जेवणाचं काय करतात?

पुणेरी_पायवाट:
डिसेंबरात मी आणि बायको क्राइस्टचर्चला बहिणीकडे चाललोय. माउंट कुकजवळच्या म्युलर हटला (हट म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाची डोंगरातली झोपडी) एक रात्र काढायचा बेत आहे. सह्याद्रीत गुहेत, देवळात, पाचनईला कोणाच्या तरी ओसरीवर झोपायची सवय आहे त्यामुळे गैरसोयीचं काही वाटत नाही, पण तिकडची सिस्टिमच कळत नाहीये. बुकिंग लागतं की डायरेक्ट जाऊन पथारी पसरायची? जेवण, पांघरूण मिळतं का? आम्ही दोघं शाकाहारी, इथून काय नेता येईल?

वेलिंग्टनचा_बंड्या:
जेवण विसरा राव, वर पिठलं-भाकरी टाकून देणारी मावशी नसते 😄 झोपायला बंक, त्यावर गादी, टाकीतलं पाणी (उकळून प्या), बाहेर संडास आणि म्युलरला गॅसच्या शेगड्या, बस एवढंच. स्लीपिंग बॅग, भांडी, लायटर, हेडटॉर्च सगळं पाठीवर, आणि कचरा परत खाली आणायचा, अगदी चहाची पिशवीसुद्धा. हट 1800 मीटरवर आहे, जागा फक्त 28, उन्हाळ्याच्या सीझनला म्हणजे तुमच्या डिसेंबरात आधी बुकिंग मस्ट. हे हट्स सरकारी निसर्ग संवर्धन खात्याचे, त्याला इथे सगळे डॉक म्हणतात, देशभर साडेनऊशेच्या वर आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हट पास नाहीतर तिकिटं घेऊन जायचं, जो आधी पोचेल त्याचा बंक. मिलफर्ड, केपलर, राउटबर्न वगैरे ग्रेट वॉकच्या, म्हणजे तिकडच्या नावाजलेल्या ट्रेक-वाटांवरच्या, हटना तो पास चालत नाही, तिथे वेगळं बुकिंग.

खादाड_भटकी:
खाण्याचं माझ्याकडून. एअरपोर्टवर बायोसिक्युरिटीवाले (बाहेरून कीड-रोग येऊ नयेत म्हणून सामान तपासणारे) फार कडक, खायचं जे काही असेल ते फॉर्मवर डिक्लेअर करा, लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड. वापरलेले ट्रेकिंग शूजपण डिक्लेअर करायचे, मातीचा कण राहू देऊ नका. खरं सांगू का, इथून डबे भरून नेण्यात अर्थ नाही, क्राइस्टचर्चला इंडियन दुकानात पोहे, रेडी उपमा, मॅगी सगळं मिळतं. रात्री मुगाची खिचडी टाकली की शेजारचे गोरे त्यांचं पाकिटातलं सुकं जेवण घोळवत आपल्याकडे बघत बसतात.

पुणेरी_पायवाट:
भारी माहिती, धन्यवाद दोघांना! बायको विचारतेय की बायकांना वेगळी खोली असते का, आणि वाट कितपत अवघड?

वेलिंग्टनचा_बंड्या:
वेगळी नाही वहिनी, सगळे एकत्रच ओळीने, घोरणाऱ्यांसाठी इअरप्लग्ज आणा. वाटेतल्या सीली टार्न्स या छोट्या तळ्यांपर्यंत 2200 पायऱ्या, गुडघ्यांचा जीव जातो, त्यावर दगडधोंड्यांचा चढ. डिसेंबरच्या सुरुवातीला वर बर्फ असू शकतो म्हणून निघायच्या दिवशी व्हिजिटर सेंटरला विचारल्याशिवाय जायचं नाही, ते नको म्हणाले तर नको. पोचल्यावर हटमधल्या वहीत नाव आणि पुढचा प्लॅन लिहा, काही झालं तर शोधणारे आधी तीच बघतात. बूट बाहेर काढतात पण किआ नावाचा आगाऊ पोपट असतो तिथे, रबर कुरतडतो, तेव्हा उंच टांगा. जमलं तर शेजारचं माउंट ऑलिव्हिए करा, एव्हरेस्टवाल्या हिलरीने 1939 साली केलेलं पहिलं मोठं शिखर ते.

पुणेरी_पायवाट:
आत्ता साइट बघितली, आमच्या तारखांना म्युलर फुल्ल 😭

खादाड_भटकी:
मग आर्थर्स पास या घाटाकडे बीली स्पर हट बघा. मेंढपाळांची जुनी छोटी झोपडी आहे, डोंगराच्या सोंडेवरून दोन-तीन तासांची चढण, नदी ओलांडायला लागत नाही. शेगडी मात्र नाही, स्वतःचा स्टोव्ह न्या आणि गॅसचं कॅनिस्टर तिकडेच घ्या, विमानात चालत नाही. शनिवार टाळा.