हँडल डावीकडे वळवलं की फ्यूज उडतो, चिखलदऱ्याच्या आधी काय करू? (बजेट १५००)

बांधावरची_बाईक: गाडी ४०० सीसीची टूरिंग. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपनीच्या भांडणात जाईल. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की लाईटचा १५ अँपिअरचा फ्यूज उडतो. सरळ रस्त्यावर काहीच नाही, बांधावर गाडी वळवली की टप्प. मागे बाहेरून फॉगलाईट लावून घेतलेत. पुढच्या आठवड्यात दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाडा असं करत वर जायचंय. १५०० रुपयांत मल्टिमीटर घेऊ की वायरमनला देऊ? नवीन गाडी सुचवू नका.

पूर्णाकाठ: भाऊ, पूर्ण वायरिंगच बदलून टाक. मी बदलली, तेव्हापासून डोक्याले ताप नाही. सहा हजारांच्या आसपास गेले, पण झोप लागते.

बांधावरची_बाईक: दादा, १५०० लिहिलंय वर.

लोणारवाला: लिथियम बॅटरी टाक. वजनाले हलकी. माझी एका बटनात सुरू होते, थंडीत बी.

वणीचा_मीटर: बॅटरीचा इथं काय संबंध जी? हँडल वळवल्यावरच फ्यूज उडतो म्हणजे वायर कुठंतरी सोलून बॉडीला लागून राहिली. जागा बहुतेक हँडलच्या गळ्यापाशी, टाकीच्या पुढच्या टोकाखाली. मीटर घ्यायची गरज नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घे, दोन वायरी जोड आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी लाव. त्याआधी हेडलाईटचं आणि फॉगचं सॉकेट काढून ठेव. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना हेडलाईट बंद करायचं बटनच नसते, सॉकेट नाही काढलं तर बल्ब उगाच पेटेल. त्याच फ्यूजवर टेललाईट, गाडीचं स्पीड दाखवणारं मीटर असेल तर तेही काढ. आता चावी चालू करून हँडल हळूहळू फिरव. ज्या कोनात बल्ब लखकन पेटला, तिथं शॉर्ट. मग हँडल तिथंच धरून एकेक वायर हलवून पाहा. बल्ब विझला की वायर सापडली. फ्यूज एकही जळत नाही.

काळी_माती: एवढी भानगड कायले? २५ अँपिअरचा टाक, नाही तं सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळ. आमच्याकडे सगळे तसंच करतेत.

वणीचा_मीटर: आणि मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. आमच्या शेजाऱ्याची सीटखालची पूर्ण वायरिंग वितळून एकाला एक चिकटली होती. असे सल्ले देत नको जाऊ बाप्पा.

आर्वीची_पोरगी: उंदीर पाहिले का? घरात कापूस भरला की उंदीर येतातच. आमच्या स्कूटरची वायर दर हंगामात कुरतडतात. डांबराच्या गोळ्या ठेवून काही होत नाही, सांगून ठेवते.

लोणारवाला: फॉगलाईट ५५ वॅटचे हॅलोजन असतील तर दोघांचे मिळून नऊ अँपिअर, वर हेडलाईटचे पाचेक. १५ चा फ्यूज काठावरच. लोडनं उडून राहिला.

वणीचा_मीटर: लोडनं उडाला असता तर सरळ रस्त्यावरही उडाला असता. पण फॉगला रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज हवाच, हे बरोबर. वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या जवळ. जोड सोल्डर करू नको, क्रिम्प कर, म्हणजे धातूच्या टोपीत पक्कडीनं दाबून बसव.

काळी_माती: सोल्डरच पक्कं असते. मी बावीस वर्षांपासून रेडिओ दुरुस्त करून राहिलो.

वणीचा_मीटर: रेडिओ घाटात थरथरत नाही काका. सोल्डर जिथं संपते तिथंच तार मोडते.

पूर्णाकाठ: म्हणूनच म्हटलं, पूर्ण वायरिंग बदल.

अचलपूरकर: शकुंतला रेल्वे सुरू असती तं गाडी न्यायची गरजच नव्हती.

आर्वीची_पोरगी: शकुंतला अचलपूरपर्यंतच होती ना? घाट कोण चढवणार?

बांधावरची_बाईक: बल्ब लावून पाहिला. हँडल सरळ असताना बंद, डावीकडे नेलं की लखलखीत. टाकी उचलली. फॉगच्या स्विचकडे जाणारी लाल वायर गळ्यापाशी टाय मारून आवळलेली होती. हँडल वळलं की स्टॉपरमध्ये चेपून राहिली होती. तांबं उघडं, आणि समोरच्या लोखंडावर रंग उडून काळा ठिपका. वणीच्या भाऊंना सलाम.

रिले मात्र लावत नाही. गावातले मोटार रिवाइंडिंगवाले काका येऊन फॉगचा जोडच सोडून गेले, टोकाला टेप मारली. पैसे घेतले नाहीत, वरून त्यांच्या पंपाची तक्रार ऐकून घ्यावी लागली. फॉगलाईट काढून ठेवले. १५०० मध्ये रेनकोट घेतला.

वणीचा_मीटर: धुक्याच्या दिवसांत चिखलदऱ्याला फॉग काढून चालला? लोकं लावून जातात राजा. नुसती टेपही उन्हानं सुटते, वरून हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढव.

बांधावरची_बाईक: अंधार पडायच्या आत परतवाडा सोडतो. धुकं लागलं तर टपरीवर थांबू.

पूर्णाकाठ: रेनकोट कितीचा पडला?

लोणारवाला: फॉगलाईट विकणार असशील तं सांग. ब्रॅकेटसकट पाहिजे.