मोरोक्कोतल्या फेसची मदिना (जुनं शहर): आईसोबत शुक्रवार ते रविवार, सल्ला हवाय

रानवाट:
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त कासाब्लांकात असते. पुण्याहून आई आली आहे. तिचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. शुक्रवारी सकाळच्या ट्रेनने फेसला जायचंय, रविवारी रात्री परत. मदिनेत राहावं की नव्या शहरात? जवळचं मेकनेस शहर आणि वोलुबिलिसचे रोमन अवशेषही जमतील का? आईला जुनं कोरीवकाम तासन् तास बघायला आवडतं.

सांजवात:
मदिनेतच राहा, पण रियाद (अंगणाभोवतीचं जुनं घर, आता अतिथीगृह) बाब बुजलूद वेशीजवळचं किंवा बत्हा चौकाजवळचं घ्या. आत गाड्या जात नाहीत, सामान हातगाडीवरून न्यावं लागतं. टॅक्सी सोडते तिथून किती चालायचं आणि तळमजल्यावर खोली आहे का, हे आधीच विचारा. जिने फार उभे असतात.

बुजलूदपासून करविय्यीन मशिदीपर्यंत सगळा उतार आहे. ताला केबीरा या मुख्य गल्लीने रमतगमत उतरा, खाली र्सीफ चौकात निघा आणि लाल टॅक्सीने वर या. चढ टळतो. मागून 'बालाक!' (बाजूला व्हा!) ऐकू आलं की आईला भिंतीकडे घ्या, सामान लादलेलं खेचर येत असतं.

कोरीवकामासाठी बू इनानिया मदरसा अजिबात चुकवू नका. 1350 ते 1355 मधला, ताला केबीराच्या सुरुवातीलाच. खाली झेलिज फरशा, त्यावर गचकाम, वर देवदाराचं लाकूड. अंगणात निवांत बसू द्या त्यांना. करविय्यीनजवळचा अत्तारीन मदरसा लहान आहे, मला तो जास्त आवडतो. करविय्यीन मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, दारातूनच बघायची. परंपरेप्रमाणे ती 859 साली फातिमा अल-फिहरी या बाईंनी उभारली, हे आईंना जरूर सांगा.

खलबत्ता:
शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात. तेव्हा आराम करा आणि सूर्यास्ताला टॅक्सीने मरिनिद राजघराण्याच्या कबरींच्या टेकडीवर जा, अख्खी मदिना खाली दिसते. बाजार शनिवारी.

खाण्याचं: भाज्यांच्या ताजीनमध्ये (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला पदार्थ) किंवा कुसकुसमध्येही (वाफवलेले रव्याचे दाणे) मांसाचा रस्सा असू शकतो, हरीरा सूपमध्येही मांस असतं. प्रत्येक ठिकाणी विचारा. झालूक (वांगी-टोमॅटो) आणि खोब्झ (तिथला पाव) छान. बिसारा मिळाला तर घ्याच: सुक्या बाकल्याचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. तोही मांसाच्या रश्शाशिवाय आहे ना, तेवढं विचारून घ्या.

दूरदेशी:
मेकनेस ट्रेनने तासाभराच्या आत येतं. वोलुबिलिसची रोमन मोझेक बघितलीच पाहिजेत, माझं मत जाण्याकडे.

सांजवात:
मोझेक सुंदर आहेत, मान्य. पण तिथे उघड्यावर, उन्हात, खडबडीत जमिनीवर चालायचं. शिवाय मेकनेसहून पुढे गाडी करावी लागते. या वेळी नको. त्यापेक्षा सफ्फारीन चौकात तांबटांची ठोकाठोक बघत चहा घ्या.

रानवाट:
खूप आभार! वोलुबिलिस रद्द. शुआरा इथल्या कातडी कमावण्याच्या कुंडांचं काय? आईला वास सोसेल?

खलबत्ता:
कातडी मऊ करायला चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, त्यामुळे वास उग्रच. दुकानदार नाकाशी धरायला पुदिना देतात. पण कुंडं दिसतात ती दुकानांच्या गच्चीवरून, म्हणजे पुन्हा जिने. तुम्ही एकट्या वर जाऊन या, आईंना खाली दुकानात बसवा.